विशेष शिक्षणाची तपासणी वर्गात बसून व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विशेष शिक्षकांची पदे, त्यांचे मानधन आणि समायोजन यांविषयी गेली काही वर्षे आपल्या राज्यात बरेच लिहिले-बोलले गेले. ते आवश्यकच होते, कारण वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने राबलेल्या शिक्षकांना न्याय मिळायलाच हवा होता. मात्र दिव्यांग मूल वर्गात प्रत्यक्ष काय शिकते आणि ते शिकते आहे की नाही हे कोण पाहते, हा प्रश्न या चर्चेत मागे पडला आहे. पुण्यातील बौद्धिक अक्षम मुलांच्या एका शाळेत मी नोकरीचा बहुतेक काळ काढला आणि निवृत्तीनंतर सर्वसाधारण शाळांतील शिक्षकांना जमेल तशी मदत करते. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

कायद्यात उणीव नाही. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याने गाठलेली पातळी आणि त्याचे शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. इथे शब्द 'प्रत्येक विद्यार्थी' असे आहेत, आणि आपली तपासणी नेमकी तिथेच अपुरी पडते.

विशेष शाळेची तपासणी कशी होते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. पथक येते, मान्यतेची कागदपत्रे, हजेरीपट, मुलांची दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे, कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके आणि खर्चाची बिले तपासते, रॅम्प, स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघर पाहते. हे सारे पाहायलाच हवे, कारण पटावरची मुले खरी आहेत आणि अनुदान त्यांच्यावरच खर्च होते आहे याची खात्री शासनाने करून घेतलीच पाहिजे. पण प्रत्येक मुलासाठी तयार केलेला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, जो विशेष शिक्षणाचा कणा आहे, तो कपाटातून बाहेर काढून त्या मुलाशेजारी बसून पडताळला जाताना मी क्वचितच पाहिला. एकदा एका शाळेत दोन मुलांचे आराखडे मी शेजारी-शेजारी ठेवून वाचले. मुलगा नीट बोलत होता, पण दहाची नोट आणि पन्नासची नोट यांतला फरक त्याला कळत नव्हता. मुलीला शब्द फुटत नव्हते, पण हवी ती वस्तू ती चित्रावर बोट ठेवून मागत होती. दोघांच्या आराखड्यांत उद्दिष्ट मात्र एकच होते, 'प्राथमिक रंग ओळखणे व शर्टाची बटणे लावणे', आणि प्रगतीच्या रकान्यात दोन्ही सत्रांना 'समाधानकारक' असा शेरा होता. मुलगा आपली बटणे आपणच लावून शाळेत येत असे. हे आराखडे लिहिणारी शिक्षिका कामचुकार नव्हती, उलट मुलांवर जीव लावणारी होती. आराखडा कसा लिहायचा हे तिला पदविकेच्या काळात शिकवले गेले होते, आणि त्यानंतर तिने लिहिलेला एकही आराखडा कोणी तिच्यासमोर वाचला नव्हता. देखरेख आणि प्रशिक्षण ही दोन वेगळी खाती नाहीत, असे मी म्हणते ते यासाठी.

प्रशिक्षणाची स्थिती याहून निराळी नाही. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि तिच्या नूतनीकरणासाठी निरंतर प्रशिक्षणाचे ठरावीक गुण मिळवावे लागतात. हा नियम चांगला आहे. परंतु हे प्रशिक्षण बहुतेक वेळा सभागृहात होते, पडद्यावर सरकचित्रे दाखवली जातात, शेवटी प्रमाणपत्र मिळते आणि शिक्षक आपल्या वर्गात पुन्हा एकटा पडतो. सर्वसाधारण शाळेतल्या शिक्षकांचे हाल तर अधिकच आहेत. स्वमग्नतेची (ऑटिझमची) व्याख्या अचूक सांगू शकणाऱ्या एका शिक्षिकेने मला विचारले होते, "मॅडम, घंटा झाली की तो बाकाखाली जाऊन बसतो. त्या वेळी मी बाकीच्या मुलांचे काय करू?" या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानातून मिळण्यासारखे नव्हते. एक अनुभवी विशेष शिक्षिका तिच्या वर्गात दोन तास बसली. तिने मुलाच्या बाकावर चित्रांची एक पट्टी चिकटवली, आधी वही, मग घंटा, मग डबा, आणि घंटा होण्यापूर्वी घंटेच्या चित्रावर त्याचे बोट ठेवण्याची सवय बाईंना लावली. पुढच्या काही आठवड्यांत मुलगा घंटेनंतरही जागेवर थांबू लागला. असे प्रात्यक्षिक आणि महिन्याभराने त्याच शिक्षिकेची पुन्हा भेट, हे प्रशिक्षणाचे मूळ स्वरूप असायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. आपल्या राज्याने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, त्याचे मी मनापासून स्वागत करते. तरीही एका केंद्रात अनेक शाळा असतात आणि एका शिक्षकाला त्या सर्वांत फिरावे लागते. तो शाळेत येईल तो दिवस सोडून उरलेले सर्व दिवस दिव्यांग मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. म्हणून फिरत्या विशेष शिक्षकाच्या कामात वर्गशिक्षकाला तयार करणे हे मुख्य काम म्हणून लिहिले गेले पाहिजे, आणि त्याच्यावर माहिती भरण्याची व इतर कार्यालयीन कामे टाकणे थांबले पाहिजे.

देखरेखीची मोठी अडचण म्हणजे विभागलेली जबाबदारी. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, तर सर्वसाधारण शाळेत शिकणारी दिव्यांग मुले शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळेतले मूल सर्वसाधारण शाळेत गेले की त्याच्या आराखड्याची फाइल सहसा मागेच राहते आणि नवे शिक्षक पहिल्यापासून चाचपडू लागतात. पुण्यापुरते पाहिले तर यावरचा उपाय अगदी हाताशी आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय चर्च रस्त्यावर, शिक्षण आयुक्तालय मध्यवर्ती इमारतीत आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर, अशी राज्याची तिन्ही कार्यालये याच शहरात आहेत. त्यांनी एकत्र बसून दोन्ही प्रकारच्या शाळांसाठी आराखड्याचा एकच नमुना ठरवणे आणि मुलाबरोबर त्याची फाइल जाईल असा आदेश काढणे यासाठी नवा कायदा लागत नाही.

तपासणी पथकात एक तरी नोंदणीकृत विशेष शिक्षणतज्ज्ञ असावा, त्याने प्रत्येक शाळेतील काही मुले स्वतः निवडून त्यांचे आराखडे त्या मुलांसमोर पडताळावेत, आणि आढळलेल्या त्रुटींवरून त्या शिक्षकाचे पुढचे प्रशिक्षण ठरावे, अशी माझी शासनाला विनंती आहे. पहिल्याच भेटीत नोटीस बजावली गेली तर शिक्षक आराखडे अधिक गुळगुळीत लिहायला शिकतील, मुलाला त्याचा काही उपयोग होणार नाही. शिक्षा ही वारंवार मदत देऊनही न सुधारणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवावी. आणि पालकांना या प्रक्रियेत स्थान असावे. आपल्या मुलाचा आराखडा मराठीत वाचायला मिळणे आणि त्यावर सही करण्याआधी शंका विचारता येणे हा त्यांचा हक्क मानला जावा. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी या तिन्ही कार्यालयांनी पुणे शहरातील काही विशेष आणि काही महापालिकेच्या शाळा निवडून अशी संयुक्त तपासणी सुरू करावी आणि तिचा अहवाल दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पालकांच्या हाती द्यावा.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका,
कोथरूड, पुणे