रेषेच्या बाहेर म्हणजे किती बाहेर?

संज्या,

आधी शिव्या देऊन घे, मग वाच. तब्येत ठीक, गोळ्या चालू, तो विषय संपला.

नोव्हेंबर २०२५च्या त्या ज्वालामुखीच्या राखेबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार? घरी विचारलं तर म्हणतात, "झालं ना सगळं नीट?" अरे झालं, तेच तर डोक्यातून जात नाहीये.

हायली गुब्बी हे नाव तरी कधी ऐकलं होतंस का? इथिओपियातला ज्वालामुखी, इतिहासात उद्रेकाची नोंद नाही. अलास्का, आइसलँडमध्ये डोंगराला भूकंपमापक लावलेले असतात, वेधशाळा पिवळा, नारिंगी, लाल कोड देते. इथे यातलं काही नाही, एका रविवारी सरळ फुटला. फ्रान्समधल्या तुलूजच्या, विमानांसाठी राखेवर नजर ठेवणाऱ्या केंद्राने सॅटेलाइटवर पकडलं, राख पार ४५ हजार फुटांपर्यंत. अशा नऊ केंद्रांनी जग वाटून घेतलंय म्हणून निदान कुणीतरी बघत होतं. मग अ‍ॅडव्हायजरी, सिग्मेट, नोटॅम अशा विमानवाल्यांसाठीच्या इशाऱ्यांतून करत करत ते आमच्या, म्हणजे फ्लाइटचे रूट ठरवणाऱ्यांच्या टेबलावर.

सोमवारी माझी शिफ्ट. तू शिकवलंस तसा नकाशावर राखेच्या ढगाच्या कडेची रेषा, म्हणजे बहुभुज टाकला, आत्ताचा, सहा तासांनंतरचा, बाराचा, अठराचा. ढग तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून अरबी समुद्रावर आलेला आणि एका फ्लाइटचा रूट त्याच्या कडेला अगदी घासून. कॅप्टन फोनवर म्हणतो, "रेषेच्या बाहेर आहे ना, मग जाऊ की." आता त्याला काय सांगू की बाबा ती रेषा मॉडेलने काढलीये, राखेने नाही. रात्रीची दिसत नाही, कण इतके बारीक की वेदर रडारला पण दिसत नाहीत. मी दक्षिणेकडून लांबून नेलं, जादा इंधन घालून. दुसऱ्या दिवशी वरून विचारणा, एवढा वळसा कशासाठी? आणि माझ्याकडे उत्तर नाही. सगळ्यांनीच लांबून नेलं तर राखेची खरी कड कुठे होती हे कळणार कसं? पायलटचे रिपोर्टच येत नाहीत, गंधकाचा वास आला, पंखांवर धूळ दिसली, काहीच नाही. म्हणजे आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळणार नाही, आणि पुढच्या वेळी रूट आणखी थोडा आत सरकवायला सांगणार, लिहून ठेव.

हसू नकोस, २०१०चं भांडण उकरतोय. आइसलँडच्या राखेने युरोप ठप्प, लाखभर फ्लाइट रद्द, आणि तू म्हणालास हा निव्वळ भित्रेपणा. मी सरांचा तो जकार्ताजवळ राखेत सापडलेल्या विमानाचा किस्सा काढला तर "झाली कॅसेट चालू" म्हणून चहा घ्यायला गेलास (पैसे मीच दिले). पण १९८२ला तिथे चारही इंजिनं बंद पडलीच ना, जम्बोची? राख आत जाऊन वितळली, टर्बाइनला काच चिकटल्यासारखी बसली, विमान खाली येऊन राखेबाहेर पडल्यावर थंड होऊन तडकली म्हणून इंजिनं परत लागली, आणि घासून पांढरी झालेली पुढची काच घेऊन उतरले बिचारे. १९८९ला अलास्कात केएलएम या डच कंपनीच्या विमानवाल्यांनी तर राखेतून वर चढून सुटायला पॉवर दिली आणि तिथेच घात. पॉवर कमी करून मागे वळायचं असतं हे आता पोरंही पाठ म्हणतात.

पुढे घनमीटर हवेत राख दोन मिलिग्रॅम, चार मिलिग्रॅम अशा मर्यादा आल्या तेव्हा "मी जिंकलो" करत फिरलास. बरं जिंकलास. पण वर किती मिलिग्रॅम आहेत हे मला त्या रात्री कोण सांगणार होतं?

वहिनींना नमस्कार, पोरीचं अ‍ॅडमिशन झालं का? नवीन घर झालं म्हणे, फोटो टाक.

आणि हे सांग, तुझ्या क्लासमधल्या पोरांना तू रेषेपासून किती मैल धरायला सांगतोस? आकडा कळव, लेक्चर नको.

तुझा,
बंड्या