जेवण झाल्यावर उरतं ते

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सिनेमातलं जेवण बघून भूक लागते का, असं तू विचारलं होतंस. आठवडाभर तोच विचार करतोय. सजवलेलं, वाफाळतं, अगदी जवळून दाखवलेलं ताट बघून मला आता काहीच होत नाही रे. तसं जाहिरातीतही दिसतं. मला हलवून सोडतं ते जेवणानंतर मागे उरलेलं.

‘द लंचबॉक्स’ (2013) आठव. नवऱ्यासाठी भरलेला इलाचा डबा भलत्याच माणसाकडे जातो आणि परत येतो तो चाटूनपुसून रिकामा. ती हरखून जाते, वरच्या देशपांडे काकूंना सांगते. मग नवरा गोबीचं कौतुक करतो, आणि तिनं तर गोबी दिलेलीच नसते! पडद्याला ना नाक ना जीभ. तिच्या हातची चव आपल्याला कळते ती त्या रिकाम्या डब्यातून. आणि त्या काकू! सबंध सिनेमात दिसत नाहीत. भारती आचरेकरांचा आवाज आणि खिडकीतून दोरीनं खाली येणारी टोपली, बस. तरी त्यांच्या फोडणीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

मग 2021 मध्ये दिग्दर्शक जिओ बेबीचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ आला. मल्याळम येत नसतानाही सगळा कळला. नवरा आणि सासरा जेवून उठतात. टेबलावर, थेट ताटाबाहेर, शेवग्याच्या चघळलेल्या शेंगांचा चोथा पडलेला असतो. त्याच टेबलाशी मग बायकांनी बसायचं. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, चटणी पाट्यावरचीच हवी. तुंबलेल्या, गळणाऱ्या मोरीसाठी प्लंबर बोलवायला मात्र नवऱ्याला सवड नाही. तो चोथा बघून मी सिनेमा थांबवला होता. शेवग्याची आमटी आपल्याकडेही होते, आणि माझ्या ताटाभोवतीचं कोण पुसत होतं हे मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

आता ओझू या जपानी दिग्दर्शकाबद्दल लिहितो, कारण खरं तर त्याच्यासाठीच पत्राला बसलो. 1952 चा ‘ओचाझुके नो आजी’, म्हणजे चहा ओतलेल्या भाताची चव. बायको श्रीमंत घरातली, नवरा नागानोकडचा साधा गडी. तो भातावर सार ओतून भुरकतो आणि तिला त्याची किळस येते. पुढे तो कामासाठी परदेशी निघतो, विमान बिघाडामुळे परत फिरतं आणि रात्री तो भुकेला घरी येतो. मोलकरीण झोपलेली. दोघं आपल्याच स्वयंपाकघरात चाचपडत शिरतात, कारण कुठली वस्तू कुठे असते हे दोघांनाही ठाऊक नाही. भात सापडतो. कोंड्यात मुरवलेल्या भाज्या सापडतात. ती हात धुते तेव्हा तो तिच्या किमोनोची बाही मागे धरून उभा राहतो. मग भातावर गरम चहा ओतून दोघं जेवतात. तिच्या हाताला त्या लोणच्याचा वास राहिलेला असतो. ती हुंगते, तोही हुंगतो.

एवढंच. ना पक्वान्न, ना मोठा संवाद. ओझू घाई करत नाही. प्रेमाचा याहून सुंदर प्रसंग मी पडद्यावर पाहिलेला नाही, आणि हे मी नीट विचार करून लिहितोय. त्या हुंगण्यात तो वास खरंच येतो बघ. आपल्याकडच्या दहीभाताशी त्याचं नातं जुळतं. दमून आल्यावर खायचं, पाहुण्याला न वाढायचं, घरच्या माणसापुरतं अन्न.

परवा हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी खिचडी-कढी मी केली. आईला आधी बसवलं. ती तीनदा उठायला निघाली. एकदा पापडासाठी, एकदा माझ्या पाण्यासाठी, एकदा उगाच. मी खांद्यावर हात ठेवून बसवत राहिलो. मग तिनं वाटी तोंडाला लावली आणि कढी भुरकली, चांगला मोठा आवाज करत.

मी तिला असं जेवताना कधी ऐकलंच नव्हतं. ती जेवायला बसायची तोवर आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे गेलेलो असायचो.

दिवाळीत येशील तेव्हा ओझू आपण तिघं मिळून पाहू. तिला जपानी कळणार नाही, पण ती बाही धरणं कळेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना सोबती