मेणाची खोली

बेथेस्डा, मेरीलँड
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना होत आला. 'मांडणशिल्प पाहून मन निवांत होते म्हणतोस, मग देवळाने तुझे काय घोडे मारले होते?' हा तुझा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून उत्तर लांबले. गेल्या शनिवारी वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या कलासंग्रहालयातील त्या खोलीत पुन्हा जाऊन आलो आणि आज लिहायला बसलो आहे.

वोल्फगांग लाइब या जर्मन कलावंताने २०१३ साली तिथल्या एका चिंचोळ्या खोलीच्या भिंती आणि छत मधमाश्यांच्या मेणाने लिंपून काढले. ती सबंध खोली हेच ते मांडणशिल्प. त्यासाठी सुमारे २०० किलो मेण लागले. आत विजेचा एकच उघडा दिवा लोंबतो. बसायला जागा नाही, पाहायला वस्तू नाही, आणि दोघांपलीकडे तिसरा माणूस आत गेला तर अवघडल्यासारखे होते. 'तू कुठे गेलास – कुठे निघालास?' अशा अर्थाचे नाव या कामाला दिले आहे. मला ते जरा जडच वाटते. खोलीला त्याची गरज नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा अरुंद दार, मंद उजेड आणि तो मधासारखा दाट वास यांमुळे आपण गाभाऱ्यात आलो आहोत असे वाटून माझी नजर सवयीने समोर मूर्ती शोधू लागली. समोर भिंतच होती. हात जोडावेत तर कोणापुढे, आणि न जोडावेत तर त्यांचे करायचे काय, हे मला खरोखरच कळेना. मग केव्हातरी ते शोधणे थांबले आणि स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. याहून अधिक काही घडले असे सांगितले तर ते खोटे होईल. त्याच संग्रहालयात मार्क रॉथकोच्या चार चित्रांची प्रसिद्ध खोली आहे, बसायला बाकही आहे. पण तिथे मी प्रेक्षकच राहतो, चित्र आवडले की नाही हे मनात ठरवत बसतो. मेणाच्या खोलीत ठरवण्यासारखे काही उरत नाही.

याच लाइबचे दुसरे एक काम तुला अधिक जवळचे वाटेल. ट्यूबिंगेनला वैद्यकाचे शिक्षण पुरे करूनही त्याने डॉक्टरकी केली नाही, आणि १९७५ साली पांढऱ्या संगमरवराची एक लादी घासून तिला अगदी उथळ खोलगटपणा दिला व त्यात दूध ओतले. दूध काठोकाठ भरले की दगड कुठे संपला आणि दूध कुठे सुरू झाले हे डोळ्यांना कळत नाही. मात्र दूध नासते. म्हणून काम मांडलेले असेल तोवर ते रोज काढून, दगड स्वच्छ पुसून, पुन्हा ताजे ओतावे लागते, आणि हे बहुधा संग्रहालयातली माणसेच करतात. दूध वाया घालवण्याचा आक्षेप तिथेही घेता येईल, पण तो वाद तुझ्याशी घालण्यात अर्थ नाही. तुमच्या घराकडे चैत्रात देवळातल्या पूजा-अभिषेकाची पाळी असते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पाळीतच सापडले. पहाटे दार उघडून, कालचे निर्माल्य काढून, ओल्या दगडाजवळ एकटा बसलेला असतोस तेव्हा तुला जे मिळते, ते रांगेतून 'चला, पुढे चला' ऐकत सरकणाऱ्या माझ्यासारख्याला कधी मिळालेच नाही. माझी तक्रार देवाबद्दल नव्हती, वेळेबद्दल होती. संग्रहालयालाही कुलूप असते, पहारेकरी असतो, हे मला दिसते. तरी त्या खोलीत कोणी मला पुढे ढकलले नाही.

येत्या चैत्रात मी गावी येतो आहे. पाळीच्या दिवसांत एकदा, लोक यायच्या आधी, मला बरोबर ने. अभिषेक तू कर. नंतर फरशी मी पुसतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक