सिस्टर, तुम्ही आरसा धरायला शिकवलंत

आदरणीय सिस्टर,

ठाण्यातलं वर्तकनगर, लोकमान्यनगर, कोपरी, कळवा. डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण हॉस्पिटलमधून घरी आला की तुम्हाला फोन जातो. बोलावणं असतं ट्रॅकीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेली) नळी साफ करायला किंवा राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, बदलायला. ती कामं तुम्ही करताच, पण निघण्याआधी रुग्णाकडे कसं पाहायचं तेही घरच्यांना शिकवता. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण घोडबंदर रोडवर बाइक घसरून किंवा लोकलमधून पडून ज्यांच्या घरावर ही वेळ येईल, त्यांनाही ते कामी यावं.

डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली, असं प्रत्येक घराला वाटतं. जागं राहणं आणि भान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही पहिल्याच भेटीत समजावता. जागं ठेवतो मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम. भानासाठी वरचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, मधला थॅलॅमस आणि त्यांना जोडणारे तंतू शाबूत लागतात. वेगात असलेलं डोकं एकदम थांबतं तेव्हा आतला मेंदू पिळवटतो आणि हे तंतू ताणून तुटतात. सीटी स्कॅनमध्ये ते पुष्कळदा दिसतही नाही. मग सूज येते. कवटी फुगत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. तो पाऱ्याच्या २२ मिमीच्या वर टिकला तर उतरवावा लागतो, नाहीतर मेंदूला रक्त कमी पडतं. हृदय बंद पडून प्राणवायू तुटला असेल तर कॉर्टेक्स आधी मरतो, देठ तग धरतो. म्हणून कोमा बहुधा दोन ते चार आठवड्यांत संपतो, डोळे उघडतात, झोप-जाग सुरू होते आणि तरीही भान नसू शकतं. या अवस्थेला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. भानाची खूण थोडी, अधूनमधून, पण नक्की दिसली तर ती मिनिमली कॉन्शस स्टेट. या दोन अवस्थांमधली रेघ ओळखणं फार अवघड आहे. नुसत्या रोजच्या पाहण्यावर भरवसा ठेवला तर व्हेजिटेटिव्ह म्हटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये भान असूनही ते सुटतं, असं २००९ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं.

म्हणूनच तुमचा आरसा इतका मोलाचा. रुग्णाला पाठ टेकवून शक्य तितकं बसतं करायचं, कारण आडवं पडलं की जाग कमी होते. टीव्ही बंद. आधी एक मिनिट काहीही न करता नुसतं बघायचं, आपोआप काय हलतंय ते. डोळे मिटत असतील तर चेहरा, मान, खांदे, हात, पाय असं क्रमाने घट्ट दाबत जायचं. मग हातातला आरसा चेहऱ्यापासून चार ते सहा इंचांवर धरायचा, नजर त्यावर आली की अगदी सावकाश उजवीकडे ४५ अंश, डावीकडे ४५ अंश, मग वर आणि खाली. प्रत्येक दिशेला दोनदा. नजर न सुटता दोनदा आरशाच्या मागोमाग गेली तर ती भानाची खूण. आपल्या बोटापेक्षा किंवा पेनापेक्षा स्वतःचा चेहरा नजर लवकर ओढतो. कोमा रिकव्हरी स्केल ही २३ गुणांची चाचणी करणारे तज्ज्ञही आरसाच वापरतात.

हुकूम पाळतो का हे पाहण्याची तुमची पद्धतही तशीच काटेकोर. ‘माझा हात दाब’ तुम्ही सांगू देत नाही. तळव्याला काही लागलं की मूठ मिटणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, आणि तिच्यावर आशा बांधलेली घरं पुढे फार कोसळतात. त्याऐवजी ‘अंगठा वर कर’ किंवा ‘वर बघ’. एकच हुकूम चारदा, दर वेळी दहा सेकंद थांबून. चारातून तीनदा जमलं तरच धरायचं. आणि घरात मालवणी बोलत असतील तर मालवणीतच सांगायचं.

काहीच दिसलं नाही तर? तुम्ही आधी कारणं शोधायला लावता, आणि आमच्या मते हा तुमचा सगळ्यात मोठा उपकार. फिटच्या गोळीची गुंगी, कॅथेटरमुळे झालेला लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी, कानात मळ, दुखरा बेडसोअर. अंग न हलता आत चाललेले झटके ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदल्याशिवाय, कळत नाहीत. सुधारत असलेला रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा मंदावला तर डोक्यात पाणी साठलेलं असू शकतं. तेव्हा वाट न बघता न्यूरोसर्जनकडे न्यायचं, सीटी करायचा, लागलं तर शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी. २०२४ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात हुकूम न पाळणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू, एमआरआय किंवा ईईजी लावल्यावर, हुकूम ऐकून काम करताना दिसला. शरीर साथ देत नव्हतं एवढंच. त्यामुळे रुग्णाच्या खाटेशी पैशांच्या किंवा निरवानिरवीच्या गोष्टी बोलायला तुम्ही मनाई करता, ते शंभर टक्के बरोबर.

खोटी आशाही तुम्ही दिली नाहीत. मार लागून झालेल्या इजेत १२ महिन्यांनी, इतर कारणांत तीन महिन्यांनी व्हेजिटेटिव्ह अवस्था दीर्घकालीन मानतात. त्यानंतरही काहीजण सुधारतात, पण बहुतेकांना मोठं अपंगत्व राहतं. पहिल्या २८ दिवसांत कोणी ‘आता काही होणार नाही’ म्हणालं तर घाईने मानू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. अमँटाडीन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, म्हणालात. डोक्याला मार लागलेल्यांत चार ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान सुरू केल्यास सुधारणेचा वेग वाढतो, पण मूत्रपिंड आणि फिट यांचा विचार करून ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवाला नाही.

दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून फीड देताना आणि नंतर तासभर डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं, सक्शन (ट्रॅकीतला कफ ओढून काढणं) एका वेळी १५ सेकंदांच्या आत आटपणं: हे आता सगळ्यांना पाठ आहे.

तुमच्या वहीचे रकानेही इथे देतोय: वेळ, बसलेला की आडवा, शेवटची गोळी कधी, आरसा, कोणता हुकूम, चारातून किती. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी भरायचे, कारण भान येतं-जातं आणि एका तपासणीत चुकतं. न्यूरोलॉजिस्टकडे जाताना फाइलीत सगळ्यात वर ही पानं लावायची.

आपली कृतज्ञ,
ठाण्यातली रुग्ण सांभाळणारी घरं