फ्रिजचा टायमर बदलण्याआधी फ्यूज तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात हवेतला दमटपणा वाढला की दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजबद्दल एक तक्रार हमखास येते. वर फ्रीझर थंड आहे, पण खालच्या कप्प्यात दूध नासतं आणि भाज्या सुकतात. त्यावर ‘गॅस गेला’ असं निदान होतं, हजारो रुपये जातात, आठ-दहा दिवस फ्रिज छान चालतो आणि पुन्हा तेच. ते आठ-दहा दिवस गॅसमुळे मिळालेले नसतात. कामासाठी फ्रिज बराच वेळ बंद राहिला, आत साचलेला बर्फ वितळला, म्हणून तो चालला.

खरं काय झालंय ते फ्रीझरचं मागचं पॅनेल काढलं की लगेच कळतं. गॅस कमी असेल तर कॉइलच्या, म्हणजे गार होणाऱ्या नळीच्या, सुरुवातीच्या थोड्या भागावरच हिम दिसतं, बाकीची कॉइल कोरडी असते, आणि फ्रीझरही नीट गोठवत नाही. डीफ्रॉस्ट, म्हणजे हा बर्फ वितळवणं, बंद पडलं असेल तर अख्खी कॉइल पांढऱ्या बर्फाने भरून जाते, हवेची वाट अडते आणि कधी कधी पंख्याची पाती बर्फाला घासून आवाज करतात. अशा वेळी गॅसला हात लावण्याचं काहीच कारण नाही.

हे मी टायमरवर चालणाऱ्या फ्रिजबद्दल लिहितो आहे. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये हे काम सेन्सर आणि बोर्ड करतात, तर एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये टायमर नसतोच. टायमर म्हणजे एक छोटी मोटर, दातेरी चाकं आणि एक चेंज-ओव्हर स्विच. कॉम्प्रेसर ठरावीक तास, मॉडेलनुसार साधारण सहा ते बारा, चालला की टायमर त्याचा पुरवठा तोडतो आणि कॉइलखालच्या हीटरला देतो. हीटरच्या वाटेत बायमेटल, म्हणजे तापमानानुसार आपोआप जोडला-सुटणारा स्विच, असतो. कॉइल गोठलेली असताना तो जोडलेला राहतो आणि बर्फ वितळून कॉइल साधारण दहा अंशांच्या आसपास आली की सुटतो. तो सुटला नाही तर आग टाळायला थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापला की तुटणारा फ्यूज, असतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. अनेक फ्रिजमध्ये टायमरच्या मोटरचा न्यूट्रल थेट येत नाही, तो हीटर आणि फ्यूजमधून येतो. मोटरला लागणारा करंट काही मिलिअँपिअरचा, त्यामुळे एरवी हीटर तापत नाही. डीफ्रॉस्टमध्ये बायमेटल जोडलेला असेपर्यंत मोटरच्या दोन्ही टोकांना फेज येतो, म्हणून ती थांबते; बायमेटल सुटला की पुन्हा फिरू लागते. रचना हुशारीची आहे, पण हीटर किंवा फ्यूज उडाला की मोटरचा न्यूट्रलच तुटतो आणि चांगला टायमर मेलेला दिसतो. डीफ्रॉस्टवरच थांबलेला तो हाताने पुढे फिरवला की फ्रिज सुरू होतो, ‘टायमर अडकला होता’ असं ठरतं आणि नवा टायमर बसतो. तोही फिरत नाही, कारण दोष कॉइलजवळ आहे.

म्हणून प्लग काढा आणि मल्टीमीटरने आधी फ्यूज पाहा. त्याचा रोध जवळपास शून्य यायला हवा. मग हीटर : १५० वॉटचा असेल तर २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ३५० ओहम. बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडाच दिसतो, तेवढ्यावरून त्याला बाद करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फ-मिठाच्या मिश्रणात दहा मिनिटं ठेवा. तेव्हा जोडला गेला नाही तर खराब. हे तिन्ही चांगले निघाले तरच टायमरकडे या. टायमर सुटा करून मोटरच्या कॉइलचा रोध मोजा, तो काही हजार ओहम असतो. स्क्रूड्रायव्हरने टायमरची खुंटी बाणाच्या दिशेनेच हळूहळू फिरवा. प्रत्येक ‘टक्’ला जोड कॉम्प्रेसरवरून हीटरवर किंवा उलट गेला पाहिजे.

नवा टायमर आणताना २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ हे वाचून घ्या. ६० हर्ट्झचा आठ तासांचा टायमर आपल्याकडे ९.६ तास घेतो. मग येतो टर्मिनलचा, म्हणजे वायर लावायच्या टोकांचा, प्रश्न. काही टायमरमध्ये ३ नंबर कॉमन (स्विचचं सामाईक टोक) असतो आणि मोटर १ व ३ मध्ये, तर काहींत १ नंबरच कॉमन असतो. दोन्हींत ४ कॉम्प्रेसरला आणि २ हीटरला, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मोटरला थेट न्यूट्रल असलेल्या फ्रिजमध्ये ही गल्लत झाली तर मोटर फिरते, पण कॉम्प्रेसर कधीच चालू होत नाही. वायरच्या रंगावर विसंबू नका. टायमरवर छापलेली आकृती पाहा, जुन्याचा फोटो काढा आणि एकेक वायर काढून लगेच नव्याला लावा. सैल झालेली लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) बदला; तिथेच ठिणगी पडून टर्मिनल जळतं. जोडून झाल्यावर खुंटीवर पेनने खूण करा आणि कॉम्प्रेसर दोन-तीन तास चालल्यावर ती सरकली का ते पाहा. कॉइलवरचा बर्फ सुरीने खरवडू नका. अॅल्युमिनियमची नळी फुटली तर मात्र खरोखरच गॅस जातो.

आणि फ्यूज ‘डायरेक्ट’ करणं बंद झालंच पाहिजे. तो उडाला असेल तर बहुधा बायमेटल चिकटलेला असतो. फ्यूज काढून वायर जोडली की चिकटलेल्या बायमेटलमागे हीटर तापतच राहतो, भोवती प्लॅस्टिक आणि फोम. त्यात आज अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असतो. ग्राहकाने काढलेला भाग मागावा आणि नवा फ्यूज-बायमेटल बसल्याचं बिलावर लिहून घ्यावं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. फ्रिज कंपन्यांनी तिथे प्रत्येक मॉडेलची वायरिंग आकृती, टायमरचा प्रकार, बायमेटल आणि फ्यूजचं तापमान मराठीतही द्यावं, आणि तीच आकृती फ्रिजच्या पाठीवर टिकाऊ स्टिकरवर छापावी. ग्राहक संघटनांनी या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक फ्रिज-एसी मेकॅनिक, ठाणे