नुसती करकर घातली म्हणजे सोल होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोल म्हणजे साठच्या दशकात गाजलेलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. त्याच जुन्या धर्तीच्या नव्या सोल रेकॉर्ड्सवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘साठच्या दशकाची नक्कल’ म्हणून एका वाक्यात त्यांचा निकाल लावलेला दिसला. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे आणि या संगीताचा शौकीनही, म्हणून चार शब्द लिहितो.

नक्कल होत नाही असं नाही. संगणकावर ठोकलेला ठेका घेऊन माझ्याकडेही लोक येतात आणि म्हणतात, ‘याला जरा विंटेज करून द्या.’ म्हणजे काय, तर वरून सुईची करकर घाला आणि आवाज थोडा घोगरा करा. गंमत अशी, की १९६५ साली नवी कोरी तबकडी करकरत नव्हती. गाडीतल्या इवल्याशा स्पीकरवरही खणखणीत वाजावी, असा तिचा मिक्स असे.

खरी मेख वादनात आहे. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात मोटाउन या सोल रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. तिथली गाणी ऐका. कित्येकदा स्नेअर, म्हणजे ड्रममधला खणखणीत वाजणारा छोटा ढोल, चारही मात्रांवर पडतो, त्याच्या जोडीला टॅम्बरिन (खंजिरीसारखं वाद्य) आणि खाली जेम्स जेमर्सनचं बेस गिटार. हा माणूस एकाच बोटाने तार छेडायचा आणि तारा बदलायच्या भानगडीत सहसा पडायचा नाही. मुरलेल्या तारेचा सूर रेंगाळत नाही, धप्प होऊन थांबतो. पुढच्या ठोक्याआधी जी फट राहते, तिथेच पाय उचलला जातो. ती फट आणणारं बटण मला अजून कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेलं नाही.

अशाच एका गाण्यासाठी मी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. ड्रमवर एकच माईक टांगला, स्नेअरवर पंचा टाकला आणि ट्रम्पेटवाल्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तरी ट्रम्पेट गायिकेच्या माईकमध्ये शिरलाच. अशा वेळी एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. लय धरून ठेवणारा, कानात वाजणारा क्लिक ट्रॅक नव्हता, त्यामुळे शेवटाकडे लय किंचित चढली. मी ती तशीच ठेवली. तोवर नाचणाराही चढलेलाच असतो.

पुढे तबकडी कापतानाही अडचणी असतात. बेस जितका जास्त, तितकी खाच रुंद आणि जागा कमी. सात इंची ४५ वर (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर) गाणं दणदणीत हवं तर ते तीन मिनिटांत आटपावं लागतं. सगळं पटकन मुद्द्यावर येतं ते यामुळेही.

आणि परीक्षा घेतो डान्सफ्लोर. उत्तर इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांतली पोरं विगन कॅसिनो या नाचाच्या क्लबमध्ये १९७३ ते १९८१ सोलवर रात्र-रात्र नाचली. तिथे दारू मिळत नसे. गिरक्या घेता याव्यात म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर टाकत. अमेरिकेत आपटलेल्या तबकड्या त्यांनी शोधून शोधून वाजवल्या. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ची एक तबकडी तर तेव्हा बाजारात आलीच नव्हती. २००९ मध्ये तिची एक प्रत २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. तबकडी गाजली की पडली, याच्याशी त्या नाचणाऱ्यांना देणंघेणं नव्हतं. आजची नवी तबकडीही तशाच लोकांपुढे वाजते. पहिल्या काही सेकंदांत कुणी उठलं नाही, तर टेप मशीन कितीही जुनं असो, उपयोग शून्य.

राहिला नकलेचा आरोप. ब्रुकलिनच्या डॅपटोन कंपनीने एका जुन्या घरात आठ ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड्स काढल्या. त्यांची गायिका शॅरन जोन्स आधी तुरुंगात पहारेकरी होती. तिचा पहिला अल्बम आला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. त्यांचाच गायक चार्ल्स ब्रॅडली, त्याचा पहिला अल्बम २०११चा, वयाच्या ६२व्या वर्षी. ही माणसं त्या काळाची नक्कल करत नव्हती. त्यांचं तारुण्यच त्या संगीतात गेलं होतं, फक्त माईक त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचला. डॅपटोनचेच वादक २००६ मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ या अल्बमवर वाजले. तो अल्बम जगभर गाजला, पण त्या वादकांची नावं किती जणांना सांगता येतील?

म्हणून एक विनंती. अशा रेकॉर्डचं परीक्षण छापताना गायकाबरोबर ड्रम, बेस आणि ट्रम्पेट कुणी वाजवला, तेही द्यावं. मोटाउनने आपल्या वादकांची नावं मुखपृष्ठाच्या आत छापायला १९७१ साल उजाडू दिलं होतं. आपल्या पुरवणीत त्यासाठी दोन ओळींची जागा सहज निघेल.

आपला,
एक ध्वनिमुद्रक