सशाच्या तीन शर्यती

पुणे

प्रिय सुहास,

तुझं नाटक मिळालं, त्याच रात्री वाचून काढलं. मंडळाच्या पोरांसाठी ससा-कासवाच्या गोष्टीचं विडंबन करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिला प्रवेश झकास आहे. दुसऱ्यापासून मात्र सशाच्या हातात मोबाइल येतो, कासव सेल्फी काढतं, कोल्हा निवडणुकीला उभा राहतो आणि शर्यत कुठे गेली तेच कळत नाही. विनोद पुष्कळ आहेत, पण ते कुठल्याही नाटकात चालले असते. या गोष्टीतून आलेले ते नाहीत. हे नुसतं कळवून थांबलो असतो तर तुला वाईट वाटलं असतं आणि उपयोग काहीच झाला नसता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केबलवर कार्टून नेटवर्क सुरू झालं १९९५ साली. त्यावर जुनी बग्ज बनीची कार्टून लागायची, ती तुलाही आवडायची. बग्ज बनी म्हणजे कायम जिंकणारा ससा. बंदूकवाला शिकारी येवो नाहीतर आणखी कोणी, हा गाजर खात खात त्याची जिरवणार. पण सेसिल नावाच्या एका सुस्त कासवाशी तो तीनदा शर्यत लावतो आणि एकदाही त्याचं धड होत नाही. तिन्ही कार्टून वॉर्नर ब्रदर्सची, पण दिग्दर्शक वेगवेगळे: १९४१ साली टेक्स एव्हरी, १९४३ साली बॉब क्लॅम्पेट आणि १९४७ साली फ्रिझ फ्रेलेंग. एरवी बग्ज आपल्या बिळात निवांत असतो, समोरचा येऊन त्याची खोडी काढतो. इथे भांडण उकरून काढणारा तो स्वतः आहे. हरणार तो तिथेच ठरतं, असं मला वाटतं.

पहिल्याची सुरुवात बघ. पडद्यावर श्रेयनामावली आलेली असते. बग्ज गाजर चघळत तिच्यासमोरून जातो आणि एकेक नाव मोठ्याने, चुकीचं वाचतो, दिग्दर्शकाचंसुद्धा. मग कार्टूनचं नाव वाचतो: कासव सशाला हरवतं. आणि असा खवळतो! तडक कासवाचं घर गाठून दहा डॉलरची पैज लावतो. गोष्टीचा शेवट प्रेक्षकांना ठाऊक असतो आणि आता तो सशालाही कळलेला असतो. त्यामुळे या सशाला वाटेत झोप लागणं शक्यच नाही. मूळ गोष्टीचा कणाच काढून घेतला, मग कासव जिंकणार कसं? सेसिल फोन करतो आणि आपले भाऊबंद रस्त्याभर जागोजागी उभे करतो, सगळे हुबेहूब त्याच्यासारखे. ससा जीव तोडून पळतो आणि प्रत्येक वळणावर कासव आधीच हजर.

ही युक्ती एव्हरीने हवेतून काढलेली नाही. ग्रिम बंधूंच्या संग्रहात ससा आणि काटेरी हेजहॉग यांची गोष्ट आहे. त्यात हेजहॉग शेताच्या एका टोकाला उभा राहतो आणि अगदी त्याच्यासारखी दिसणारी त्याची बायको दुसऱ्या टोकाला. ससा बिचारा धावून धावून मरतो. म्हणजे इसापाच्या गोष्टीला एक लोककथा बेमालूम जोडलेली आहे. दहा डॉलर देऊन झाल्यावर बग्जला शंका येते, आपल्याला फसवलं तर नाही? मागून सगळी कासवं एका सुरात म्हणतात, शक्यता आहे बुवा.

क्लॅम्पेटच्या कार्टूनमध्ये ससा ठरवतो की कासवाच्या वेगाचं रहस्य त्याच्या कवचात आहे. तो पाठीवर तसंच कवच चढवून पळायला लागतो. तिकडे सशावर पैसे लावून बसलेली गुंड सशांची टोळी याला कासव समजून अडवते आणि कासवाला ससा समजून मदत करते. फ्रेलेंगच्या तिसऱ्या कार्टूनमध्ये तर बग्ज चक्क जिंकतो, पण भरधाव पळाल्याबद्दल पोलीस त्यालाच धरतात.

आता यात काय काय तसंच राहिलं ते बघ. पैज आहे, रस्ता आहे, उतावळा ससा आहे, कासवाचा ठाम शांतपणा आहे. बदललंय ते एकच, आणि पुढचं सगळं त्या एकातून ओघाने येतं. मला तुला सांगायचंय ते एवढंच.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे फ्रेलेंगचंच १९४४ सालचं लाल टोपीवालीचं कार्टून. ही मुलगी टोपलीतून आजीकडे ससा घेऊन निघालेली, आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. आजी घरात नाही. दारावर चिठ्ठी: लॉकहीडमध्ये दुसऱ्या पाळीला गेले आहे. महायुद्ध चालू होतं, बायका विमानांच्या कारखान्यांत कामाला जात होत्या आणि तो कारखाना स्टुडिओपासून फार लांब नव्हता. बदल एकच: आजीच्या वेषात बसलेल्या लांडग्याला मुलगी खायची नाही, त्याला ससा हवाय. त्यामुळे ती पाठ केलेले प्रश्न विचारायला लागते, 'आजी, तुझं नाक किती मोठं गं', तेव्हा तो तिला ढकलत बाहेर काढतो. ती पुन्हा दार उघडून आत येते आणि पुढचा प्रश्न विचारते. शब्द मूळ गोष्टीतलेच, एकही नवा विनोद घातलेला नाही, तरी हसून मुरकुंडी वळते, कारण तो प्रश्न आता कोणालाच नकोय. शेवटी बग्जसुद्धा तिला इतका कंटाळतो की लांडग्याला ठेवलेलं असतं तिथे, निखाऱ्यांवर, तिला टांगून ठेवतो आणि दोघे वैरी गळ्यात गळा घालून एकच गाजर वाटून खातात.

१९५७ साली फ्रेलेंगने तीन डुकरांची गोष्ट जॅझमध्ये केली. तिथला लांडगा डुकरांच्या मागे त्यांना खायला लागलेला नाही. त्याला त्यांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचंय आणि तो भिकार वाजवतो. ते हाकलतात, तो घर पाडायला फुंकर मारतो. गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर, सगळं जागच्या जागी आहे.

हे सगळं सात-एक मिनिटांत बसतं. कारण गोष्ट सांगत बसावी लागत नाही, ती प्रेक्षकांना तोंडपाठ असते. आपल्याकडेही अशी पाठ गोष्ट आहेच की. चिमणीचं मेणाचं घर, पावसात वाहून गेलेलं कावळ्याचं शेणाचं घर, आणि 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे'. कावळा दार ठोठावतो तेव्हा पुढचं वाक्य समोर बसलेली पोरं आधीच म्हणतात. तिथे नेमकी एक वीट हलव, सगळं सभागृह हसेल. मात्र सगळ्याच विटा काढल्यास तर हलवायला काही उरत नाही.

आणखी एक. शर्यतीच्या कार्टूनांतला ससा किंवा डुकरांच्या गोष्टीतला लांडगा गंमत म्हणून काही करत नाही. बग्ज शर्यत हरतो तेव्हा त्याला खरोखर संताप आलेला असतो. तुझा ससा प्रत्येक वाक्यानंतर प्रेक्षकांकडे बघून हसतो, ते काढ. जो पोरगा ससा करतोय त्याला सांग, ही तुझ्या इज्जतीची शर्यत आहे.

तुझ्या नाटकाला एकच बदल सुचवतो, पटला तर घे. कासवाला शर्यत लावायचीच नाही. त्याला पिशवी घेऊन बाजारात जायचंय आणि बाजार नेमका शर्यतीच्या टोकाला आहे. ससा पैजेवर पैज लावतो, कासव 'बरं' म्हणून चालत राहतं. मग ससा ठरल्याप्रमाणे झाडाखाली आडवा होतो आणि शेजारी ढोलपथकाची तालीम सुरू होते. तो झोपेना, म्हणून गोष्ट पुढे जाईना, म्हणून बाजारही उघडेना! शेवटी कासवालाच पिशवी खाली ठेवून त्याला थोपटून निजवावं लागतं. इथे संवाद अजिबात नको, नुसते ढोल आणि थोपटणं. ढोल थांबला की सशाचे डोळे मिटायला हवेत आणि पुढच्या ठोक्याला टक्क उघडायला हवेत. फ्रेलेंग प्रसंगांचं टायमिंग संगीताच्या हिशेबाने बसवायचा. तूही ताशावाल्या पोराला पहिल्या दिवसापासून तालमीला बसव, शेवटच्या दोन दिवसांत ते जमणार नाही.

मोबाइल आणि निवडणूक काढलीस की वेळ वाचेल, तो सगळा या झोपेच्या प्रसंगाला दे. कासव करणारी मुलगी कोण आहे ते कळव. हळू चालता येणारी आणि चेहरा शांत ठेवणारी निवड, उंची-बिंची बघू नकोस. दुसरा प्रवेश नव्याने लिहिलास की लगेच पाठव, वाट बघतोय. काकूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
मंदार